सायकलचा चौथा स्पोक तुटला, आणि यावेळी फ्रीव्हील उतरवलंच

मंगळवारी सकाळी परत तोच आवाज. टण्ण. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही ऐकला त्यांनी सुखी राहावं. पुढच्या चार पायडलमध्ये मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं, उतरून बघितलं तर उजव्या बाजूचा स्पोक, हबपाशी (चाकाच्या मधल्या गाभ्यापाशी) जिथे वाकतो त्याच्या जवळच तुटलेला. आठ आठवड्यांत चौथा!! तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळला, मागचा ब्रेक मोकळा केला आणि उरलेले ७ किमी पुढच्या ब्रेकच्या भरवशावर रखडत गेलो. ३६ स्पोकचं चाक आहे म्हणून निदान चालवत जाता आलं.

पहिले तीन दुकानात बदलून घेतले होते हे माझे आधीचे अपडेट वाचलेल्यांना माहितीये. दरवेळी एक नवा स्पोक, आऊट (चाकाची डगडग) काढून चाक सरळ, आणि सोबत फुकटचा सल्ला की कॅरियरवर सामान कमी ठेवा. माझं वजन ७८ किलो, बॅगेत लॅपटॉप-डबा-रेनकोट धरून ६-७ किलो, या वजनाला ३६ स्पोकचं चाक कुरकुरत असेल तर सायकल बनवूच नये कोणी. त्यात तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या बाजूच्या मापाचा स्पोक उजवीकडे घातला होता (माझ्या चाकाला उजवीकडे २९० मिमी लागतो, डावीकडे २९२), तो निपलमधून (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटमधून) वर आला आणि चार दिवसांनी ट्यूबला आतून पंक्चर. तेव्हापासून चाकाला दुसऱ्या कोणाचा हात लावून घ्यायचा नाही असं ठरवलंय.

तर माझी थिअरी, जी मागच्या अपडेटमध्ये मी फार आत्मविश्वासाने मांडली होती, ती अशी होती की मशीनवर बांधलेल्या स्वस्त चाकाचं टेन्शन (स्पोकचा ताण) असमान आहे आणि त्यामुळे स्पोक तुटतायत. टेन्शन मीटर कशाला घ्या, मोबाईलवर गिटार ट्यूनर आहेच. स्पोक सारख्या लांबीचे असले की टेन्शन हे सुराच्या वर्गाच्या प्रमाणात जातं, म्हणजे सूर १० टक्के उतरला तर टेन्शन जवळजवळ १९ टक्के कमी. मंगळवारी रात्री बसून उजवीकडचे उरलेले १७ छेडले, डावीकडचे १८ छेडले, सगळं वहीत लिहिलं, घरातल्यांनी दार लावून घेतलं. आणि निकाल काय, तर दुकानात घातलेले तीन ढिले आहेत, तुटलेल्याच्या आजूबाजूचे थोडे इकडेतिकडे आहेत (ते होणारच), पण बाकी सगळे व्यवस्थित सारखे! स्वस्तातल्या चाकाच्या मानाने चांगलंच काम होतं. थिअरी कचऱ्यात.

पण वहीत लिहिता लिहिता एक गोष्ट दिसली. उजव्या बाजूला १८ स्पोक असतात, त्यातल्या ९ चा वाक हबच्या कडेच्या बाहेरून येतो आणि ९ चा आतून. तुटलेले चारही बाहेरचे. चारपैकी चार. सामानाच्या वजनाला आतलं-बाहेरचं काय कळतं? म्हणजे बाहेरून काहीतरी होतंय, आणि बाहेर आहे काय तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा. ते उतरवल्याशिवाय तिथलं काही दिसत नाही.

आता फ्रीव्हील. ज्यांनी कॅसेटवालीच सायकल (चकत्या हबवर खाचांत सरकवून बसवतात ती) वापरलीये त्यांना हा छळ माहीत नसेल. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं आणि प्रत्येक पायडलला आणखी घट्ट होतं, म्हणजे गेलं सव्वा वर्ष मी रोज ऑफिसला जाता-येता ते आवळत होतो. फ्रीव्हील सोडवायचा खाचांचा रिमूव्हर आहे माझ्याकडे, पण बुधवारी लांब पान्याने जोर लावला तर रिमूव्हर खाचेतून सटकला आणि बोटांची सालटी गेली. गुरुवारी तेल सोडून रात्रभर ठेवलं, शुक्रवारी पान्याला पाइप लावला, चाक फिरतंय, मी फिरतोय, फ्रीव्हील ढिम्म. शनिवारी शेवटी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो, रिमूव्हर बेंच व्हाइसमध्ये उभा पकडला, चाक त्यावर आडवं बसवलं, रिमूव्हर सटकू नये म्हणून ॲक्सलचा नट वरून हलका लावला आणि गाडीचं स्टिअरिंग धरतात तसं रिम दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवलं. खट्ट! इतका गोड आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. (नट लगेच काढा बरं का, तो तसाच ठेवून पुढे फिरवलं तर काहीतरी तुटतं.) माझं मत विचाराल तर महागडे मल्टिटूल घेण्याआधी व्हाइसवाला एक मित्र जोडा.

आणि खाली काय, बाहेरच्या जुन्या स्पोकवर, वाकाच्या जरा वर, चेनच्या कड्यांचे ओरखडे. नवीन घातलेले तीन स्वच्छ. जुन्या पाचांवर नख अडकेल इतके खोल व्रण आहेत, आणि मंगळवारच्या तुटक्या तुकड्यावर तुटलंय तेही व्रणातच.

मग सगळं आठवलं. साधारण नऊ-दहा आठवड्यांपूर्वी पार्किंगमध्ये कोणाचा तरी धक्का लागून माझी सायकल उजव्या कुशीवर पडली होती आणि मी इथे लिहिलं होतं की फक्त ग्रिप खरचटली. त्याच आठवड्यात चढावर सगळ्यात हलका गिअर टाकल्यावर चेन मोठ्या चकतीच्या मागे पडून स्पोकमध्ये अडकली आणि मी ती विनापाना पाच मिनिटांत ओढून काढली म्हणून अपडेटमध्ये फुशारकी मारली होती. तर ती अशी ओढून काढलीये मी. पडल्यामुळे डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर लटकतो ती फ्रेमची पट्टी, आत वाकला, त्यामुळे डिरेलर थोडा जास्त आत जायला लागला, चेन मागे पडली, स्पोक कोरले गेले. स्पोक ओढला जाऊन सहसा तुटत नाही, थकून तुटतो. चाक फिरताना जो स्पोक तळाशी येतो त्याचा ताण कमी होतो आणि वर गेला की परत येतो. माझ्या ७०० × ३८ च्या चाकाचा एक फेरा साधारण २.१९ मीटर, रोजचे २२ किमी म्हणजे दहा हजार फेरे, आठ आठवड्यांचे ऑफिसचे दिवस धरले तर चार लाख. चार लाख वेळा व्रणावर हेलकावा. हे कळल्यावर आश्चर्य एवढंच वाटलं की बाकीचे पाच अजून टिकलेत कसे.

आणि आता ते, जे लिहायला मला दोन दिवस लागले. मोठी चकती आणि स्पोक यांच्यामध्ये जी पारदर्शक प्लास्टिकची ताटली असते, जिला आपण सगळे नावं ठेवतो, ती नेमकी याच्यासाठी असते. चेन आत पडली तरी ताटलीवर पडावी. अमेरिकेच्या सायकल सुरक्षा नियमात तर गिअरवाल्या सायकलची चेन चाकात जाऊ नये म्हणून अशी काहीतरी आड हवी असं स्पष्टच आहे. मी ती सायकल घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात कात्रीने कापून काढली होती. लहान मुलांच्या सायकलसारखी दिसते म्हणून. फोटोसकट टाकलं होतं इथे. तुमच्यापैकी अकरा जणांनी अंगठे दिले होते, म्हणजे पाप वाटून घेता येईल. हँगर सरळ आणि एल स्क्रू (डिरेलरला फार आत जाण्यापासून अडवतो तो) नीट असेल तर ताटलीची गरज नाही हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. पण रोज सार्वजनिक स्टँडला दहा सायकलींच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या सायकलचा हँगर सरळ आहे हे रोज सकाळी कोण बघतं? मी तरी नाही.

हँगर सरळ करायचं टूल माझ्याकडे नाही आणि वर्षातून एकदा लागणारी वस्तू घ्यायची इच्छाही नाही. पण जुगाड आहे. हँगरच्या भोकाचे आटे एम१० × १ चे असतात आणि बऱ्याच मागच्या हबच्या ॲक्सलचेही तेच. मावसभावाच्या पडून असलेल्या सायकलचं मागचं चाक आणलं, त्याचा ॲक्सल डिरेलरच्या जागी हँगरमध्ये फिरवून बसवला, झालं की दुसरं चाक माझ्या चाकाशेजारी उभं. दोन रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं. खाली तब्बल ९ मिमीचा फरक! फ्रेम स्टीलची असल्याने चाकालाच धरून हळूहळू वाकवून २ मिमीच्या आत आणला. अॅल्युमिनियमच्या हँगरला हे फार वेळा करू नका, तो तुटतो, सुटा मिळत असेल तर बदला. आणि जुन्या ३/८ इंची ॲक्सलवर हा प्रयोग नको, आटे जातील. मग एल स्क्रू परत सेट केला. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना गेले दोन महिने जी चेन अडखळायची तीही गप्प झाली, केबलला उगाच शिव्या घालत होतो.

आता चाक. शनिवारी दुपारपर्यंत माझा पक्का विचार होता की ही फ्रीव्हीलची कटकटच नको, कॅसेटवाला हब घेऊन नवीन चाक बांधायचं. कारण फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग पार आत असतं, ॲक्सलचा बराच भाग बिनआधाराचा लोंबतो आणि तो वाकतो. ७ चकत्यांची कॅसेट ८-९-१० च्या हबवर चालते, ४.५ मिमीचा स्पेसर टाकला की झालं, तेव्हा शिफ्टरही (गिअर बदलायची कळ) बदलायला नको. यादी तयार होती. पण बेअरिंगचे छर्रे बदलायला हब उघडलाच होता (मागे प्रत्येक बाजूला पाव इंची ९, एक हरवला तर संपूर्ण जमीन चाळा), म्हणून ॲक्सल काचेवर लोळवून बघितला. सरळ! सव्वा वर्षाने, ७८ किलोखाली, एकदम सरळ. मग चाकाने माझं काय घोडं मारलंय? निर्दोष हबला फाशी देण्यात अर्थ नाही. प्लॅन रद्द. बाहेरचे नऊही स्पोक नवे घालायचे, त्यात दुकानातले ते तीनही काढायचे कारण त्यातला एक चुकीच्या मापाचा आणि उरलेले कुठल्या जातीचे देव जाणे.

मधेच सांगतो, हे फ्रीव्हील धुतल्यावर दिसलं की सातपैकी मधल्या तीनच चकत्या झिजून चकचकीत झाल्यात. पुढे ४२, मागे १८, मिनिटाला ६० पायडल म्हणजे १८ च्या आसपास स्पीड, रोजच्या रस्त्याला तेवढंच लागतं, बाकी चढ आणि वारा. मावसभाऊ सध्या सायकल घ्यायच्या मागे आहे, त्याला हवेत २१ गिअर, पुढे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक, शक्य तितक्या कमी पैशात. त्याला हे फ्रीव्हील हातात देऊन दाखवलं. २१ मधले कितीतरी गिअर एकमेकांची नक्कल असतात. त्या बजेटमधलं सस्पेन्शन म्हणजे किलोभर जास्तीचं लोखंड जे डोलतं, आणि तेवढ्या पैशातली डिस्क स्टँडच्या दांड्याला आपटून वाकली की रोज सिक् सिक् करते. ७ गिअर, साधा फोर्क, व्ही-ब्रेक, मागे ३६ स्पोक, कॅरियर आणि मडगार्ड बसवायला फ्रेमवर भोकं, ३५-४० मिमीच्या टायरला मडगार्डसकट जागा, एवढं असेल तर रंग बघून घे म्हटलं. आणि साइज. साइज चुकली तर बाकी सगळं फुकट. तो म्हणाला दादा, तू तर पंधरा दिवस चाक घेऊन बसलायस, तुझं का ऐकू? मुद्दा होता त्याच्यात.

रविवारी बांधलं. ट्रुइंग स्टँड (चाक सरळ करायचा) नाही, सायकल उलटी आणि फ्रेमला दोन झिप टाय, टोकं रिमला टेकतील अशी. नऊ स्पोक आधी हाताने, मग अर्धा फेरा, मग पाव फेरा, ट्यूनर चालूच. शेवटी समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबल्या, हे अजिबात टाळू नका, नवे स्पोक वाकाशी बसतात आणि परत सूर बघितला तर उतरलेला असतो. चाक फ्रेममध्ये उलटं घालून बघितलं, दोन्ही बाजूंनी ब्रेकपासून अंतर सारखं. आऊट अर्धा मिमी असेल नसेल. पूर्ण चार तास गेले, दुकानात वीस मिनिटांत करतात आणि ते तसंच असतं. फ्रीव्हीलच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावून परत बसवलं, सोमवार ते बुधवार ६६ किमी झाले, एकही आवाज नाही.

आणि बुधवारी संध्याकाळी ताटली आली. नवीन मागवली होती, जुन्या कापलेल्या तुकड्यांचं काय होणार. मला वाटलं स्पोकवर खटकन बसणारी असेल, तर ही मधे गोल भोकाची, म्हणजे हबच्या आट्यांवर आधी ही सरकवायची आणि वरून फ्रीव्हील. जे मी तीन दिवस पायडल मारून आवळलंय. पुन्हा वर्कशॉप, पुन्हा व्हाइस, मित्राने नुसतं बघितलं माझ्याकडे. पण ग्रीस, मंडळी, ग्रीस! एका हाताच्या झटक्यात सुटलं. ताटली बसली, चाक आत गेलं, आणि हो, दिसते लहान मुलांच्या सायकलसारखीच.