आमची वाटचाल: लालबागचा पातळ पोह्यांचा चिवडा

माझ्या सासूबाई लालबागच्या चाळीत खानावळ चालवायच्या. दोन खोल्या आणि जेवायला गिरणीतली पंचवीसेक माणसं, बहुतेक कोकणातली नाहीतर घाटावरची. सासरे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. हळूहळू एकेक जण गावाला निघाला आणि आईंच्या पंगतीला पाचसहा ताटं उरली. मोठी कढई, झारे, डबे मात्र घरात तसेच होते. गावाला निघालेल्या माणसाच्या हातात आई कायम चिवड्याची पुडी द्यायच्या. संप लांबला तसा तोच चिवडा त्यांनी विकायला काढला.

मी 1994 साली या घरात आले. तोवर चाळीखाली छोटा गाळा झाला होता. लालबाग मार्केटजवळची चिवडा गल्ली आमच्यापासून दोन मिनिटांवर. तिथली दुकानं मोठी, मालाचे प्रकारही भरपूर. आमच्याकडे पातळ पोह्यांचा आणि मक्याचा, एवढे दोनच. आजही दोनच आहेत.

चिवड्याचा खरा वैरी मुंबईची हवा. पावसाळ्यात परात तासभर उघडी राहिली तर पोहे सादळतात. म्हणून आईंनी मला आधी चव शिकवली नाही, कोरडेपणा शिकवला. पोहे चाळून कणी काढायची, मंद आचेवर भाजायचे. आच वाढली की ते आक्रसतात. फोडणीतली मिरची आणि कढीपत्ता हाताने चुरडला जाईल इतका तळायचा, कारण त्यातला ओलावा राहिला तर दोन दिवसांत सगळा घाणा नरम पडतो. खोबऱ्याचे काप तांबूस, डाळं आणि शेंगदाणे खमंग, हिंग सढळ, हळद शेवटी. पिठीसाखर मात्र चिवडा पूर्ण निवल्यावरच. गरम असताना घातली की ती विरघळते आणि चिवडा चिकट होतो. तळलेला कांदा आम्ही घालतच नाही. चवीला तो छान लागतो हे मलाही मान्य आहे, पण आमचा चिवडा प्रवासाला जातो.

2003 साली छापील पाकिटं आणि सीलिंग मशीन घेतलं. तोवर कागदी पुडी आणि दोरा. पहिल्याच गणपतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. चाकरमान्यांची रांग लागली होती. घाईत मी कोमट चिवडा भरून पाकिटं बंद केली. आत वाफ धरली. कणकवलीकडच्या एका जुन्या गिऱ्हाईकाने परत आल्यावर पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वहिनी, आईंच्या पुडीतला असा नसायचा हो." ते खानावळीत जेवलेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या घाण्याची पाकिटं ज्यांनी परत आणली, त्या प्रत्येकाला नवी भरून दिली. तेव्हापासून चिवडा सुती कापडावर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही, रांग कितीही असो.

मग परवाने आले. अन्न सुरक्षेचा चौदा आकडी नंबर पाकिटावर आला, घटक आणि तारीख छापली जाऊ लागली. तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात खराब झालेले, म्हणजे पोलर घटक वाढतात; ते 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल टाकायचं, हा नियम 2018मध्ये लागू झाला. मक्याच्या चिवड्यासाठी तो योग्यच आहे. 22 सप्टेंबर 2025पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 12वरून 5 टक्के झाला, तेव्हा आम्ही पाव किलोचा भाव लगेच उतरवला.

आज सात बायका कामाला आहेत. त्यातल्या तिघींच्या घरचे कुणी ना कुणी गिरणीत होते. मोठ्या दुकानांतून माल ठेवण्यासाठी विचारणा होते, पण तिथे पाकीट किती दिवस पडून राहील ते आमच्या हातात नसतं, म्हणून मी नाही म्हणते.

गणपतीच्या आधीचे आठ दिवस आम्ही पहाटे चारला कढई चढवतो. गणेशोत्सव सुरू झाला की रस्ता राजाच्या दर्शनाच्या गर्दीने भरून जातो आणि टेम्पो आत येत नाही, त्यामुळे पोह्यांची पोती आधीच भरून ठेवावी लागतात. जुनी गिऱ्हाइकं पाकीट कानाजवळ नेऊन हलवतात. आवाज नीट खुळखुळला की पिशवीत टाकतात. नव्यांना मी आधी मूठभर हातावर देते आणि ते खाईपर्यंत थांबते.