आमची वाटचाल: पंप न उघडणारं पंपाचं दुकान

आमचं दुकान सोलापुरात हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाच्या जवळच. बोर्डावर डिझेल पंप-नोझल लिहिलंय, म्हणजे इंजिनला डिझेल दाबून पाठवणारा पंप आणि ते आत फवारणारं नोझल यांची दुरुस्ती, पण खरं सांगायचं तर आमचं नाव झालं ते पंप न उघडता गाडी चालू करून देण्यानं. धंद्याच्या हिशोबानं हे उलटंच आहे, कारण पंप उघडला की एलिमेंट (आतला डिझेल दाबणारा भाग) आलं, सील किट आलं, टेस्ट बेंचवर लावून डिझेलचं माप जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन आलं, बिल बरं होतं, आणि बाहेरची स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल मोकळी करून दिली तर माणूस चहा पाजून जातो. तरी अण्णांनी म्हणजे आमच्या वडलांनी हेच धरून ठेवलं आणि गिऱ्हाईक त्याच्यावरच वाढलं.

अण्णा आधी दुसऱ्याच्या दुकानात पंपाच्या कामाला होते. मायको कंपनीचे इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळं एलिमेंट, सगळी एका रांगेत), टाटा आणि लेलँडच्या गाड्या, दिवसभर हात डिझेलात. (मायकोचं नाव २००८ ला बदलून बॉश झालं, पण आमच्याकडं जुने ड्रायव्हर अजून मायकोच म्हणतात.) नंतर पत्र्याचा गाळा भाड्यानं घेतला, सेकंडहँड टेस्ट बेंच आणला, सुरुवातीला ओळखीच्या ट्रकवाल्यांची कामं. यात सांगण्यासारखं फार काही नाय, सगळ्यांचं असंच असतंय.

खरं वळण लागलं ते कांद्यामुळं. दिवाळी झाली की यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते ते पार जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, सोलापूरचा कांदा हैदराबादला जातो बेंगळूरला जातो, आणि भरलेली गाडी उभी राहिली की मालकाचा जीव वरखाली. अशा टायमाला ड्रायव्हर येतो आणि म्हणतो, मालक, गाडी चालता चालता बंद पडतीय, थोडं थांबलं की परत चालू होतीय, तिकडं मिस्त्रीनं पंप गेला म्हणून सांगितलंय. भरल्या गाडीचा पंप काढून बेंचवर लावायचा, टायमिंग जुळवून परत बसवायचा, यात कांद्याला कोंब फुटतील. म्हणून अण्णा आधी बाहेरनंच सगळं बघायचे, आणि निम्म्याच्या वर वेळा रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार निघायचा.

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा स्पार्क नसतो, त्यामुळं चावी फिरवून करंट तोडला म्हणून ते बंद होत नाय, त्याचं डिझेलच तोडावं लागतं. जुन्या गाड्यांत त्याला नुसती केबिनमधनं ओढायची स्टॉप केबल. ती पंपावरच्या स्टॉप लिव्हरला ओढते, आतला रॅक (डिझेलचं माप कमीजास्त करणारी पट्टी) शून्यावर जातो, इंजिन बंद. आता ही केबल धुळीनं गंजानं जाम झाली किंवा लिव्हरची परतीची स्प्रिंग ढिली पडली की लिव्हर पूर्ण मागं येत नाय, अर्धवट राहतो. मग गाडी चालू होते पण चढाला ओढतच नाय, आणि मालक नोझल बदल, फिल्टर बदल, टर्बो बघ असं करत खिसा मोकळा करत राहतो. आमच्याकडं पहिलं काम हेच, केबल लिव्हरपासून सोडायची, लिव्हर हातानं पूर्ण रनिंगला (गाडी चालू राहायच्या बाजूला) धरायचा आणि गाडीला रेस द्यायची. तिथंच बऱ्याच गाड्या बोलायला लागतात.

रोटरी पंपाच्या (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो) गाड्यांत केबलच्या जागी पंपाच्या डोक्यावर छोटा सोलेनॉइड, म्हणजे करंटनं पिन ओढणारी कॉइल असते. चावी ऑन केली की त्याला करंट मिळतो, आतली पिन वर उचलते आणि डिझेलला वाट मिळते, करंट गेला की स्प्रिंग पिनला खाली दाबते. चावी ऑन-ऑफ करून कान लावला तर टक्क असा आवाज आला पाहिजे. पण नुसत्या टक्कवर भरवसा ठेवायचा नाय हे अण्णांनी आम्हाला रागावून रागावून शिकवलं, कारण मे महिन्यात आपल्या सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो, वर इंजिनची उष्णता, कॉइल तापली की सोडून देते आणि गार झाली की परत धरते. ड्रायव्हर तेच सांगत असतो की थांबलं की परत चालू होतीय. म्हणून गाडी गरम असताना, बंद पडलेल्या अवस्थेतच मीटर लावायचा. सोलेनॉइडच्या वायरला पूर्ण व्होल्टेज येत असेल आणि तरी तो धरत नसेल तर सोलेनॉइड गेला, व्होल्टेजच कमी येत असेल तर चावीचा स्विच, फ्यूज, कुठंतरी हिरवा पडलेला जॉइंट. बॅटरीवरनं फ्यूज लावून डायरेक्ट वायर दिली की दोन मिनिटांत निकाल लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे इनलाइन पंपाच्या बाजूला बसवलेला, लिव्हर ओढणारा मोठा सोलेनॉइड, त्यात दोन कॉइल असतात. एक ओढणारी, १२ व्होल्टवर तीस-चाळीस अँपिअर खाते, ती क्षणभरच चालायला पाहिजे. दुसरी धरून ठेवणारी, तिला एक अँपिअरच्या आसपास पुरतं. जोडणीचा रॉड एखाद-दोन आट्यांनी चुकला की प्लंजर तळापर्यंत बसत नाय, ओढणारी कॉइल सुटत नाय आणि जळून जाते. एका मालकानं पाठोपाठ नवे सोलेनॉइड टाकले, माल डुप्लिकेट येतोय म्हणून दुकानदाराशी भांडला, आम्ही लॉकनट सोडून रॉड सेट केला आणि रबरी बूट फाटला होता तो बदलला, त्यात धूळ जाऊन प्लंजर अडकत होता. त्या गाडीचा मालक अजून बाकीच्या गाड्या आमच्याकडंच पाठवतो.

सगळंच शटऑफचं, म्हणजे डिझेल तोडणाऱ्या केबल-सोलेनॉइडचं असतंय असंही नाय. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं तरी गाडी अशीच मरते, झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला की समजायचं. फीड पंपाची (टाकीतनं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी, बाऊल, बॅन्जोचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, तिथनं एअर धरते, म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा शिरते. नोझलच्या पाइपचा नट ढिला करून स्टार्टर मारायचा, डिझेल बुडबुड्यासकट आलं तर एअर, टिपूससुद्धा आलं नाय तर मागं बघायचं, शटऑफ, फिल्टर, टाकी. डोळे नटापासून लांब ठेवायचे आणि चालू इंजिनवर उडणाऱ्या डिझेलला हात लावायचा नाय, त्या प्रेशरनं डिझेल कातडीत घुसतं. हे नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स (धुराचा नवा नियम) आलं, नवीन गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारं मशीन) लागतो, आम्ही पण घेतला. वाटलं होतं जुनं काम संपेल. पण बोअर मारायच्या गाड्या, पाण्याचे टँकर, ट्रॅक्टर, जनरेटर हे काय लगेच भंगारात जात नाय. आता धाकटा भाऊ स्कॅनर बघतो, मी जुन्या गाड्या, अण्णा सकाळी येऊन बसतात आणि आवाजावरनंच आम्हाला सुनावतात. तपासणीचे पैसे मात्र आता वेगळे घेतो, अण्णांना ते अजून पटलेलं नाय.

एक विनंती, गाडी आणताना रस्त्यात कुणी रोटरी पंपाच्या सोलेनॉइडची पिन काढून दिली असेल तर आधी सांगा. घरापर्यंत यायला तो जुगाड ठीक आहे पण अशी गाडी चावीनं बंद होत नाय, पंपाच्या स्टॉप लिव्हरनं नायतर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून बंद करावी लागते, आणि आमचं पोरगं चावी काढून बिनधास्त समोर उभं राहतं.