अर्धवट रेघोट्या कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. माझं स्केचबुक चाळणारा हमखास म्हणतो, "रंगवलेली चित्रं सोडून माणसांच्या या अर्ध्या मिनिटाच्या रेघोट्यांत एवढं काय आहे?"

माणसाचं वजन आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळीवाली बाई उभी असते तेव्हा सगळा भार बहुतेक एकाच पायावर असतो. त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा खाली उतरतो आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा, म्हणजे सरळ खाली लोंबणारी दोरी, त्याच पायाच्या घोट्याजवळ येतो. हे साधलं तर नाकडोळ्यांवाचूनही बाई उभी राहते. नाही साधलं, तर छायाप्रकाश कितीही घाला, ती कलंडलेलीच. तिला "अशाच थांबा हं" म्हणून बघा. लगेच दोन्ही पायांवर ताठ होते आणि गंमत गेली!

म्हणून पहिली रेघ डोक्यापासून भार असलेल्या टाचेपर्यंत, एका दमात. मग खांद्यांची आणि कंबरेची तिरपी, मग धड, हातपाय शेवटी. चेहऱ्यापासून सुरुवात केली की डोकं मोठं होत जातं आणि पाय पानाबाहेर. उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच, मांडी घालून बसलेला चारेक. रेघ केसाळ, म्हणजे बारीक तुटक फटकाऱ्यांची होत असेल तर हात मनगटातून हलतोय. पेन्सिल जरा मागे धरा, खांद्यापासून फिरवा.

चोडण बेटाच्या फेरीबोटीत कठड्याला टेकलेली माणसं नवशिक्यांना बरी, पलीकडे पोचेपर्यंत फारशी हलत नाहीत. मासळी कापणारी बाई अवघड वाटते, पण तिचा हात पुन्हापुन्हा त्याच जागी येतो. एका पानावर तिच्या चार आकृत्या एकदम सुरू करायच्या आणि ज्या आकृतीची ढब परत आली तिच्यात भर घालायची.

पावसाळ्यात आपल्याकडे कागद दमट होतो. शाईपेनाची रेघ फुटते, कडक पेन्सिल कागदात रुतते. साधं बॉलपेन तेलकट शाईमुळे टिकतं, शिवाय खोडता येत नाही हा फायदाच.

राहिला अर्धवटपणा. गिऱ्हाईक निघून गेलं आणि पानावर दोन पाय नि एक पिशवी उरली, तर तेवढीच ठेवावी. घरी येऊन मनाने जोडलेलं कोपर लगेच ओळखू येतं. त्याच्यावर कसलाच भार नसतो.