आरे-वाऱ्याच्या चढावर

रक्त नळीत उतरलं की त्याला धक्का चालत नाही, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण. जांभळ्या झाकणाची नळी हातातल्या हातात हळूच उलटसुलट करायची, लाल झाकणाची उभी ठेवायची, आणि लॅबच्या टेबलावर पोचेपर्यंत आदळआपट होऊ द्यायची नाही. धक्के बसले तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं, आणि ठीकठाक माणसाचं पोटॅशियम कागदावर वाढलेलं दिसतं. सॅम्पल हिमोलाइज झालं म्हणतात ते हेच. मग पेशंटला परत टोचायचं.

मी रत्नागिरीतल्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेतो. एका बाजूला जयगड, दुसऱ्या बाजूला पावस-पूर्णगड. सगळं मोटरसायकलवर. या रस्त्यांवर एसटी, आंब्याचे टेम्पो, डंपर आणि पर्यटकांच्या गाड्या सगळ्यांना एकाच अरुंद डांबरातून जायचं असतं, आणि मे महिन्यात तर प्रत्येकाच्या डोक्यावर ऊन तापलेलं असतं. रस्त्यावरचा राग हा माझ्यासाठी अधूनमधून घडणारा प्रसंग नाही, रोजच्या कामाचाच भाग आहे. पण त्या रविवारी जे झालं ते वेगळं होतं, कारण माझ्या मागे एक शिकाऊ पोरगा बसलेला होता.

पोरगा हुशार. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, नुकताच झालेला, हात हलका. गाडीवर मागे बसून तो नळ्यांचा डबा मांडीवर धरायचा. सकाळी आम्ही मालगुंडला एका आजींकडे गेलो होतो. मूत्रपिंडाचा त्रास, त्यात डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदललेली. त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून त्याच दिवशी रिपोर्ट हवा होता. आजींच्या शिरा बारीक, हाताला लागेनात. पोरगा म्हणाला, "आजी, मूठ घट्ट आवळा." मी त्याला थांबवलं. पोटॅशियम बघायचं असेल तेव्हा मूठ आवळून सोडायला लावायची नाही, त्यानेही आकडा खोटा वाढतो. कोमट पाण्याचा कपडा हातावर ठेवला, हात खाली सोडून बसवलं, आणि डाव्या कोपराजवळ शीर मिळाली. आजी म्हणाल्या, "झाला ना रे बाबू? परत नको हां टोचू." मी म्हटलं, "नाही टोचणार."

ती नळी बर्फाला टेकवायची नसते. गारठ्यातही पोटॅशियम पेशीतून बाहेर पडतं. म्हणून आम्ही ती फोमच्या स्टँडमध्ये वेगळी उभी केली, बाकीच्या नळ्यांखाली आइसपॅक, आणि निघालो. दोन तासांच्या आत सिरम, म्हणजे रक्तातला वरचा पिवळसर द्रव, वेगळं व्हायला हवं. मालगुंड ते रत्नागिरी आरे-वाऱ्यावरून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. वेळ भरपूर होता.

गणपतीपुळ्याला गर्दी, भंडारपुळ्याला गर्दी. नेवऱ्यापुढे रस्ता जरा मोकळा झाला, आणि आरे-वाऱ्याचा डोंगर सुरू झाला. रत्नागिरीकडे येताना समुद्र उजव्या हाताला राहतो, डाव्या हाताला डोंगराची बाजू आणि गटार. जिथून समुद्र छान दिसतो तिथेच लोक वळणावर गाड्या लावून फोटो काढतात. त्यातली एक मोठी गाडी आरसा न बघता रस्त्यावर आली. मी वळणावर होतो, हॉर्न दिला.

या हॉर्नबद्दल मला थोडं बोलायचं आहे. आमच्याकडे घाटात 'हॉर्न वाजवा' असे फलक असतात. वळणावरचा हॉर्न म्हणजे 'मी येतोय' एवढंच. समोरचा एसटीवाला उलट हॉर्न देतो, म्हणजे त्याने ऐकलं. यात कोणी कोणाचा अपमान करत नाही. पण सिग्नलवर रोज तास-तास अडकणाऱ्या माणसाच्या कानाला हॉर्न म्हणजे शिवी असते. तोच आवाज, ऐकणारा वेगळा. त्या गाडीवाल्याला वाटलं, मी त्याला झापलं. हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं.

मी त्याच्या बाजूने पुढे निघालो आणि दहा सेकंदांत तो माझ्या पाठीला लागला. दिवे मारतोय, हॉर्न दाबून धरलाय, पुढचा बंपर आमच्या नंबरप्लेटजवळ. मागून पोरगा ओरडला, "दादा, हा मुद्दाम करतोय!"

मुद्दामच करत होता. अशा वेळी गाडी पळवावीशी वाटते, किंवा अचानक ब्रेक मारून 'लांब राहा' असं दाखवावंसं वाटतं. दोन्ही गोष्टी मी करत नाही. चढावर १२५ सीसीची गाडी दोन माणसांना घेऊन कोणाच्या पुढे पळणार? आणि ब्रेक मारला तर मागच्याला थांबायला जागाच नाही. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. मागचा माणूस माझा लाल दिवा बघून पाय उचलेपर्यंतच ११ मीटर संपतात, आणि तो होता दोन-तीन मीटरवर. आमच्या साइडपट्टीचंही बघावं लागतं. डांबराची कड जांभ्याच्या मातीपेक्षा चांगली वीतभर उंच असते काही ठिकाणी. वेगात खाली उतरलो तर पुढचं चाक तिथेच घसरतं. म्हणून मी डावा इंडिकेटर लावला, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला, आणि जिथे समोरचा रस्ता लांबपर्यंत रिकामा दिसला तिथे उघड्या पंजाने 'जा पुढे' केलं. उघड्याच पंजाने. बोटं नाचवली की त्याचा अर्थ समोरचा हवा तो लावतो. आरशातही मी एकदाच बघितलं. सारखं बघत राहिलो तर मागच्याला वाटतं, हा आव्हान देतोय.

तो गेला. जाताना काच खाली करून शिव्या दिल्या, आणि पुढे जाऊन कचकन ब्रेक मारला. मी अंतर सोडलेलं असल्यामुळे हळू थांबता आलं. तेवढ्यात त्याने गाडी रस्त्यात तिरकी लावली आणि उतरला.

मी त्याच्याजवळ गेलो नाही. त्याच्या अलीकडे, दोन एसटी उभ्या राहतील एवढं अंतर सोडून, सरबत-शहाळ्यांची एक टपरी होती. चारपाच गिऱ्हाईकं होती तिथे. गाडी तिथे घेतली. एकांतात माणूस जे करतो ते चार जणांसमोर करत नाही, निदान बहुतेक माणसं करत नाहीत. इंजिन बंद केलं, कारण चालू इंजिनवरून बोलायला आवाज चढवावा लागतो. हेल्मेट डोक्यावरच ठेवलं, काच मात्र वर केली. माझा चेहरा त्याला दिसायला हवा होता. काळ्या काचेवर ओरडणं सोपं असतं.

तो चालत आला. चाळिशीचा असेल. मान लाल झालेली. "हॉर्न कोणाला मारतोस रे? रस्ता काय तुझ्या बापाचा?" आणि आल्या आल्या त्याने माझ्या उजव्या आरशावर हात मारला. काच तडकली.

माझं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं, आणि धोका माझ्या मागे होता. गाडी एका बाजूला झुकली तेव्हा मला कळलं की पोरगा उतरतोय. एक पाय जमिनीवर, एका हातात डबा, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली. बावीस-तेवीस वर्षांचं रक्त. त्याच्या गावात, त्याच्या दादाच्या गाडीचा आरसा कोणीतरी फोडलेला. तो उतरला असता तर पुढचं सगळं माझ्या हातातून गेलं असतं. टपरीवरची माणसं आमच्या बाजूने पडली असती, गाडीवाला एकटा, गाडीत त्याची बायको आणि लहान मूल. बाहेरच्या गाडीला घेरून मारल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. मला तो प्रसंग आमच्या रस्त्यावर घडायला नको होता, आणि या पोराच्या नावावर तर मुळीच नको होता.

त्याला 'शांत हो' म्हणून उपयोग नव्हता. चिडलेल्या माणसाला शांत हो म्हटलं की तो आणखी चिडतो. मी मान न वळवता म्हटलं, "बाबू, डबा वाकडा होतोय."

त्याने खाली बघितलं. डबा खरंच कलला होता. दोन्ही हातांनी त्याने तो सरळ केला, पोटाशी धरला, आणि दोन्ही हात डब्याला लागल्यावर मूठ उरली नाही. त्याचा श्वास मला पाठीवर जाणवत होता, पण तो परत सीटवर बसला.

मग मी गाडीवाल्याला म्हटलं, "साहेब, हॉर्न वळणासाठी होता. या डब्यात पेशंटचं रक्त आहे. आम्हाला वेळेत पोचायचंय. तुम्ही व्हा पुढे." एवढंच. आरशाबद्दल बोललो नाही. आरसा तीनशे रुपयांत मिळतो. त्याने आणखी दोनचार वाक्यं ऐकवली. त्याला ती संपवायची होती, मी ती संपू दिली. प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं असतं तर त्याला पुढचं वाक्य मिळालं असतं. टपरीवरच्या काकी बाहेर आल्या, म्हणाल्या, "ओ भाऊ, दवाखान्याची माणसं आहेत ती, सोडा त्यांना. तुमचं पोर बघा, रडतंय गाडीत." गाडीतून खरंच रडण्याचा आवाज येत होता. तो काही न बोलता वळला आणि गेला. माफी वगैरे मागितली नाही. मला ती नकोच होती, मला रस्ता हवा होता.

तो गेल्यावर आम्ही लगेच निघालो नाही. हात थरथरत होते, माझेही. अंगात असं काही चढलं की नजर समोरच्या एका बिंदूवर खिळते, बाजूने येणारी गाडी, रस्त्यावरची वाळू दिसतच नाही. ते उतरायला वेळ लागतो. त्यात तो पुढेच होता. लगेच निघालो असतो तर पुढच्या बसणी गावाच्या आसपास परत त्याच्या मागे आलो असतो. काकींनी कोकम सरबत दिलं. मी श्वास घेताना चारपर्यंत, सोडताना सहा-सातपर्यंत मोजत बसलो. लॅबला फोन करून सांगितलं, पंधरा मिनिटं उशीर होईल, सेंट्रीफ्यूज, म्हणजे नळ्या फिरवायचं यंत्र, मोकळं ठेवा.

पोरगा गप्प होता. मग म्हणाला, "व्हिडिओ आहे माझ्याकडे, टपरीवरच्या एकाने काढला. टाकू ग्रुपवर?" मी म्हटलं, टाकू नको, जपून ठेव. त्यात बाई आणि मूल दिसत होतं, त्यांनी आमचं काही केलं नव्हतं. ज्याला बघायला हवा त्याला दाखवू. संध्याकाळी आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहून अर्ज दिला आणि व्हिडिओ दाखवला. वाट सोडणं म्हणजे सोडून देणं, असं मी मानत नाही. धोकादायक गाडी चालवण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. कोणाची वाट अडवणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ प्रमाणे गुन्हा आहे. ती भांडणं भांडायची जागा ठाण्यात आहे, चढावर नाही. तो माणूस तिथेच अडून बसला असता किंवा परत मागे लागला असता तर मी टपरीवरूनच ११२ ला फोन लावणार होतो, नंबर टाइप करून फोन खिशात तयार होता.

लॅबमध्ये पोचल्या पोचल्या आजींची नळी फिरवली. वरचं सिरम स्वच्छ पिवळं आलं, गुलाबी छटा नाही. पोटॅशियम ४.८, म्हणजे ठीक. पोराने आकडा स्वतः दोनदा वाचला. डॉक्टरांना फोन गेला, गोळी तीच ठेवली, आणि आजींना परत टोचावं लागलं नाही.

जूनमध्ये त्याला स्वतःची गाडी आणि पावसचा रूट मिळाला. पहिल्या पावसाने जांभ्याची माती रस्त्यावर आलेली, डांबर साबणासारखं. एका सकाळी त्याचा फोन आला. "दादा, गोळपजवळ थांबलोय. मागे एक डंपर लागला होता, फार जवळ. एसटीच्या थांब्यात गाडी घेतली, जाऊ दिला त्याला. दहा मिनिटं उशीर होईल."

"एपीटीटी आहे का डब्यात?" मी विचारलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची ही तपासणी, तिला चार तासांची मर्यादा असते.

"एक आहे. घेऊन पाऊण तास झालाय."

"मग बस जरा. चहा घेऊन नीघ."