तुम्ही विचारलंत म्हणून: लिस्टवर आहे, तर लिहीत का नाही?

“काकू, तुम्ही सीएमएलच्या पेशंटांच्या त्या परदेशातल्या ईमेल लिस्टवर आहात ना? आमचा एवढा एक प्रश्न टाका की तिथे.” परळला हॉस्पिटलच्या रांगेत विचारतात, फोनवर विचारतात, आणि आपल्यात नवा पेशंट आला की त्याच्या घरचे तर विचारतातच. मी म्हणते, तुम्हीच सामील व्हा, कसं लिहायचं ते मी सांगते. मग पुढचा प्रश्न: तुम्ही इतकी वर्षं तिथे आहात, रोज वाचता, मग स्वतः का लिहीत नाही? आजवर हसून विषय बदलत आले. पण मागे एका मुलीनं तोंडावर सांगितलं, “तुमचं काम झालं ना, म्हणून.” वडिलांचा रिपोर्ट हातात घेऊन उभी होती, तिला काय बोलणार? म्हणून आता लिहूनच टाकते.

सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर आणि इमॅटिनिब ही त्यावरची रोजची गोळी, हे तुम्हाला सांगायला नको. मी सांगते ते २००३ सालापासूनचं. ह्यांचं निदान होऊन काही महिने झाले होते. कंपनीची मूळ गोळी महिन्याला एक लाख वीस हजारांच्या घरात, आणि ह्यांची नोकरी शाळेत. डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्या दारात इतकी माणसं की नंबर लागेपर्यंत विचारायचं तेच विसरून जायचं. भाच्यानं चिपळूणला एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत नेलं, ईमेल उघडून दिला आणि सीएमएलवाल्यांच्या त्या लिस्टवर माझं नाव घातलं. जगभरातले पेशंट आणि त्यांच्या घरचे. एकानं मेल टाकला की सगळ्यांना जातो, कुणीही उत्तर द्यावं.

नाव घालणं सोपं होतं. पण पहिल्याच आठवड्यात इतके मेल आले की मेलबॉक्स भरला, तेव्हा फुकटच्या खात्यात जागा ती किती! मेलबॉक्स भरला की मेल परत जातात आणि बरेच परत गेले की लिस्ट आपोआप नाव काढून टाकते. मला वाटलं, आपल्याला हाकललं. भाचा म्हणाला, “मावशी, डायजेस्ट घे.” म्हणजे दिवसभराचे सगळे मेल एकाच लांबलचक मेलमध्ये. तो मी छापून घरी आणायची आणि डिक्शनरी घेऊन वाचत बसायची.

माझा पहिला मेल ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ असा, रजेच्या अर्जासारखा सुरू झाला होता. त्यात लग्न, मुलं, शाळा, देव सगळं होतं. नव्हते ते आकडे. अमेरिकेतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं उत्तर दिलं. ती स्वतः पेशंट. तिनं लिहिलं, तुझं वाचून वाईट वाटलं, आता हे सांग: डोस किती मिलिग्रॅम, पांढऱ्या पेशी किती, प्लेटलेट किती, गोळी सुरू होऊन किती दिवस झाले. मी तुम्हा सगळ्यांना फोनवर पहिल्यांदा जे विचारते ते हेच. तुम्हाला राग येतो, ठाऊक आहे. मलाही आला होता.

प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली गेले आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली, तेव्हा आम्ही समजलो की संपलं सगळं. त्या शिक्षिकाबाईंनी रात्रीत सविस्तर लिहिलं. सुरुवातीच्या महिन्यांत हे पुष्कळांचं होतं, गोळी थांबवतात, आकडे वर आले की पुन्हा सुरू करतात, माझीही थांबवली होती, उद्या डॉक्टरांना अमुक आणि अमुक विचार. मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं? बरोबर आहे.

गोळी जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, हे कागदावर होतं. पण पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते आणि त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं, हे लिस्टनं सांगितलं. ग्रेपफ्रूट खाऊ नका असं कुणीतरी लिहिलं. आम्ही ते फळ कधी पाहिलेलंही नव्हतं. मी पपनसाचं वर्णन करून विचारलं, कारण कोकणात गणपतीला पपनस घरात येतंच आणि ह्यांचा त्यावर फार जीव. फिलिपिन्समधल्या एका फार्मासिस्टनं कळवलं की हे ग्रेपफ्रूटच्या घरातलंच, यकृत ज्या मार्गानं औषध मोडतं तोच मार्ग अडवतं, तेव्हा नको. अजूनही हे दर भाद्रपदात त्या माणसाला शिव्या घालतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की त्या लिस्टचं माझ्यावर ऋण आहे हे मला माहीत नाही असं कुणी समजू नये.

आता जे झालं ते. पण त्याआधी त्यांची बाजू. १९९९ मध्ये ही गोळी चाचणीत होती, तिला नाव नव्हतं, एसटीआय ५७१ असा नंबर होता. पोर्टलंडला डॉ. ब्रायन ड्रकर ती मोजक्या पेशंटना देत होते, आणि ज्यांना मिळत होती त्यांचे आकडे सुधारत होते. बातमी पेशंटांमध्ये इंटरनेटवरूनच पसरली. माँट्रियलच्या सुझन मॅकनामारा यांनी ऑनलाइन अर्ज फिरवला, की औषध जास्त बनवा, आम्हाला वेळ नाही. तीन हजारांवर सह्या झाल्या आणि तो ही गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या प्रमुखांकडे गेला. मे २००१ मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. आमच्या लिस्टवरच्या जुन्या मंडळींत त्या अर्जावर सही केलेली माणसं होती. त्यांच्या लेखी ही कंपनी म्हणजे जीव वाचवणारी. आमच्या लेखी ती एक लाख वीस हजार.

२००३ मध्येच इथल्या कंपनीची गोळी आली, महिन्याला आठ ते दहा हजार. ह्यांची तीच सुरू झाली. मधे काही काळ बाजारात मूळ कंपनीच्या एकाधिकाराचा घोळ झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, ते दिवस तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असतील. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पेटंटविरुद्ध उभी राहिली होती. आणि जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं नोव्हार्टिसचा पेटंटचा अर्ज फेटाळला, म्हणजे इथली स्वस्त गोळी चालू राहणार.

मी लिस्टवर दोन ओळी टाकल्या. चेन्नईत पेटंट नाकारलं, आज आमच्या घरी गोड केलं. एवढंच.

चारदोन अभिनंदनं आली. मग एकानं लिहिलं की संशोधनाला पैसे लागतात, ते कोण देणार? सभ्य शब्दांत लिहिलं होतं, त्याला उत्तर देता आलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या डायजेस्टमध्ये बाईंचा मेल होता. माझ्यासाठी नव्हता तो. एका मैत्रिणीला एकटीला लिहायला गेल्या होत्या, पण त्या लिस्टवर ‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर सगळ्यांना जायचं. एकालाच पाठवायचं तर पत्ता हातानं घालावा लागायचा, आणि घाईत तो राहायचाच. आधीही कुणाकुणाचे घरगुती मेल असे सगळ्यांपुढे आले होते आणि आम्ही हसलो होतो.

त्यांनी लिहिलं होतं: हिला आम्ही इतकी वर्षं फुकट शिकवलं, आता हिला औषधही फुकट हवंय. आमच्या विम्याच्या हप्त्यांवर हे लोक जगतात आणि वर पेढे वाटतात.

कॅफेत माझ्या शेजारी एक पोरगा गेम खेळत होता, मोठा आवाज लावून. मी तो मेल छापायला दिला. का दिला कोण जाणे, रोज द्यायची म्हणून दिला असेल. घरी आल्यावर ह्यांनी मागितला, कारण डायजेस्ट रोज मी मोठ्यानं वाचून सांगायची. मी म्हटलं, आज काही विशेष नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन उत्तर लिहिलं. फुकट नाही, असं लिहिलं. महिन्याला आठ-दहा हजार, म्हणजे तुमच्या गोळीच्या एका महिन्यात आमचं वर्ष निघतं, आणि तेवढंही काढताना काय काय विकावं लागतं त्याची यादी लिहिली. शेवटी लिहिलं की माझ्या नवऱ्यानं कोणत्या पैशांनी जगावं हे तुम्ही सांगा, आम्ही तसं करू. पाठवलं. सगळ्यांना.

पुढचे काही दिवस लिस्टवर दुसरं काही नव्हतं. ब्रिटनमधले एक गृहस्थ माझ्या बाजूनं भांडले, त्यांना गोळी सरकार देत होतं, त्यामुळे त्यांचं भांडणही स्वस्तातलं होतं (हे मला नंतर सुचलं, तेव्हा ते देवमाणूस वाटले). दोघं-तिघं लिस्ट सोडून गेले. बाईंनी माफी मागितली ती अशी, की तो मेल सगळ्यांना जायला नको होता. जे लिहिलं त्याबद्दल एक अक्षर नाही. मग लिस्ट चालवणाऱ्या गृहस्थांनी, तेही पेशंटच, जाहीर केलं की किमती, पेटंट आणि सरकारं यांवर इथे चर्चा होणार नाही, इथे फक्त आजार. काही दिवस प्रत्येक मेल त्यांनी तपासून सोडला.

फक्त आजार! आमच्या घरात आजार आणि किंमत या दोन गोष्टी कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. पोटरीतल्या गोळ्याबद्दल विचारायला परवानगी होती, पण ‘या महिन्यात वीसच दिवसांच्या गोळ्या आणता आल्या, दहा दिवस राहिलं तर काय होईल’ हा प्रश्न औषधाचा की किमतीचा? त्या नियमाखाली तो मला विचारता आला नसता. त्यानंतर मी लिहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका बाईच्या एका वाक्यावरून? तेव्हाच्या मला विचारलंत तर ती ताठ मानेनं म्हणेल, हो, एका वाक्यावरून, कारण ते वाक्य खरं होतं. त्या माझ्याशी प्रेमानं बोलत होत्या तेव्हाही ते त्यांच्या मनात असणार, तोंडावर बोलल्या नाहीत एवढंच. आताची मी तिला सांगते, अगं, त्यांचाही हप्ता दर वर्षी वाढत होता, विमा गेला तर त्यांचीही गोळी जाणार होती. घाबरलेलं माणूस दुसऱ्या घाबरलेल्यावरच ओरडतं. तर ती म्हणते, मग तू का नाही जाऊन तसं लिहीत? इथे आमचं दोघींचं बोलणं थांबतं. दर वेळी इथेच थांबतं.

१ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पेटंट नाहीच. लिस्टवर कुणीतरी बातमीची लिंक टाकली, खाली कुणी काही लिहिलं नाही. त्या दिवशी आम्ही गोड केलं की नाही, आठवत नाही.

मग २०१६. अमेरिकेत मूळ गोळीच्या पेटंटची मुदत सरली होती आणि फेब्रुवारीत तिथे पहिली जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेली तीच गोळी आली, ती मुंबईच्या सन फार्माची. लिस्टवर एकच गोंधळ. विमा कंपनीनं परस्पर गोळी बदलली, डबीवर भारतीय कंपनीचं नाव आहे, खात्रीची असेल का, आकडे बिघडले तर? आणि त्यांत बाई. जिवंत होत्या, बऱ्या होत्या, मला ते वाचून बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. त्यांनी विचारलं होतं: पूर्वी इथे एक भारतातली बाई असायची, तिचा नवरा तिकडची गोळी घ्यायचा. ती अजून आहे का? तो कसा आहे?

हे तेव्हा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होते. पीसीआर, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते मोजणारी तपासणी, उत्तम. आमची गोळी त्यांच्याकडे पोचली तिच्याहून वेगळ्या कंपनीची, पण औषध तेच, आणि दहा वर्षांहून जास्त काळ घेतलेलं. त्या सगळ्यांना त्या दिवशी जे हवं होतं ते माझ्याकडे फायलीत लावलेलं होतं, तारखेवार.

मी उत्तर लिहायला घेतलं. आकडे आधी लिहिले, त्यांनीच शिकवलं होतं तसे. पाठवलं नाही. सूड म्हणून नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. थोडा सूडही होता. पण त्याहून जास्त हे, की ‘इथे किमतीवर बोलायचं नाही’ हा नियम अजून होता, आणि ‘भारतीय गोळी चालते का’ हा प्रश्न त्या नियमातून अलगद सुटला होता. तो त्यांचा प्रश्न होता म्हणून आजाराचा ठरला. माझा होता तेव्हा राजकारणाचा ठरला होता. दोन दिवसांत पोलंडच्या एकानं त्याचा अनुभव लिहिला, लोक निवांत झाले. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

ज्या फुकटच्या सेवेवर ती लिस्ट होती, ती डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. जुने मेल त्याआधीच पुसले गेले होते. त्यांत तो मेलही गेला आणि प्लेटलेटवालाही. लिस्ट दुसरीकडे हलली, बरोबर मीही हलले. बाई त्या नव्या जागी दिसत नाहीत.

तर, ‘तुमचं काम झालं’ म्हणणाऱ्या मुली, मी रोज वाचते ते कशासाठी? डासाटिनिब ही सीएमएलचीच दुसरी गोळी घेणाऱ्यांना धाप लागली तर छातीत पाणी झालंय का ते बघायला सांगा, हे मी तुम्हाला सांगितलं. निलोटिनिब ही तिसरी गोळी उपाशीपोटी घ्यायची, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, हे सांगितलं. फ्रान्समध्ये शंभरेक पेशंटांची इमॅटिनिब देखरेखीखाली थांबवून पाहिली आणि निम्म्याहून जास्त जणांचा आजार परत दिसू लागला, तेव्हा मनानं गोळी बंद करू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ते कुठून आलं? मी घेते ते घेतेच आहे, फक्त परत टाकत नाही. बाईंनी माझ्याबद्दल म्हटलं होतं ते अगदी असंच, आणि हे मला कळत नाही असं नाही.

तुमचा प्रश्न माझ्या नावानं टाकणार नाही. तुम्ही स्वतः जा. आठवडाभर नुसतं वाचा. विषयाच्या जागी ‘हेल्प’ लिहू नका, आजाराची अवस्था, डोस आणि शेवटचा पीसीआर लिहा. रिपोर्टचे फोटो पाठवू नका, आकडे टाइप करा. रिप्लाय दाबण्याआधी वरचा पत्ता बघा. आणि किमतीचा प्रश्न असेल तर तो आधी विचारा, लाजू नका. नियम अजून आहे की गेला, हे मी कुणाला विचारलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा. इंग्रजी अडलं तर फोन करा, मी लिहून देईन. खाली नाव मात्र तुमचं घालायचं.