खिळ्यांच्या शेतात टोन लावताना

इंग्लंडमधल्या नॉर्फोकच्या एका शेतकऱ्याने मला त्याच्या जमिनीवर मेटल डिटेक्टर फिरवायची लेखी परवानगी दिली आहे. त्याच्या दोन शेतांचा स्वभाव अगदी वेगळा. एकात कधीकाळी घर होतं. ते पडलं, लाकूड कुजलं, खिळे मात्र मातीत राहिले. दुसऱ्यात काही वर्षांपूर्वी ‘ग्रीन वेस्ट’ टाकलं होतं, म्हणजे घरोघरच्या बागकचऱ्याचं कंपोस्ट. त्याच्यासोबत ॲल्युमिनियमच्या डब्यांचा चुराही शेतात येऊन पडतो. इथल्या डिटेक्टरवाल्यांपुढे ग्रीन वेस्टचं नुसतं नाव काढलं तरी चेहरे उतरतात. ही दोन्ही शेतं एकाच सेटिंगवर ऐकता येत नाहीत, हे माझं आताचं ठाम मत.

माझ्याकडे मिनलॅबचं इक्विनॉक्स ८०० आहे. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे खालच्या धातूत छोटे विद्युतप्रवाह फिरतात आणि परत आलेल्या सिग्नलवरून मशीन एक आकडा ठरवतं, उणे ९ ते ४०. लोखंड सहसा शून्याखाली. धातू जितका चांगला वाहक आणि तुकडा जितका भरीव, तितका आकडा वर. याच आकड्याचा पुढे आवाज होतो. तो १, २, ५ की ५० टोनमध्ये ऐकायचा, हे आपण ठरवायचं. शिवाय या मॉडेलमध्ये टोनची पट्टी, व्हॉल्यूम आणि एक टोन संपून दुसरा कुठे सुरू होतो ती सीमा, म्हणजे टोन ब्रेक, हे सगळं हलवता येतं. स्क्रीनकडे मी फारसं बघत नाही. खोलवरच्या वस्तूचा आकडा नाचत राहतो. कान त्यापेक्षा लवकर निकाल देतो.

प्रयोग सुरू केले ते घरामागच्या हिरवळीवर. एक हाताने घडवलेला गंजका खिळा, एक पुल टॅब (पेयाचा डबा उघडायची कडी) आणि एक १९१० सालचा सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनींचं चांदीचं नाणं. १९१९ पर्यंत ब्रिटिश चांदीची नाणी ९२.५ टक्के चांदीची असत, १९२० पासून ती निम्म्यावर आली. तिन्ही वस्तू लांब लांब ठेवल्या तर ५० टोनवर प्रत्येकीचा सूर वेगळा लागतो. ऐकायला मजा येते, पण त्यातून शेतातलं काही कळत नाही. मग खिळा नाण्याला अगदी खेटून ठेवला. उणे आकडे, म्हणजे लोखंडाचा आवाज, बंद असताना मशीन कधी गप्प, कधी एखादा अर्धवट तुटका ‘टिक’. घोड्याच्या नालेचं चित्र असलेलं बटण दाबून लोखंडाचा आवाज उघडला आणि ऐकू आलं, ‘घुर्र-टिक-घुर्र’. नाणं तेच, पण आता ते कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलंय ते समजत होतं. नव्वद अंशांत वळून पुन्हा कॉइल फिरवली, टिक जागचा हलला नाही. नाणं उचललं, नुसता खिळा ठेवला. गंमत म्हणजे एका दिशेने टिक तरीही येत होता! वळल्यावर मात्र तो बाजूला सरकला आणि विरला. खऱ्या आणि फसव्या टिकमधला हा फरक लोखंड ऐकू येत असेल तरच पकडता येतो. म्हणून लोखंड बंद करायचं नाही. त्याची पट्टी तळाशी न्यायची आणि व्हॉल्यूम शेजारच्या घरातल्या मिक्सरइतका ठेवायचा: चालू आहे हे कळावं, पण आपलं बोलणं थांबवावं लागू नये.

खिळ्यांच्या शेतात मी दोनच टोन ठेवले. तिथे ५० टोन लावले की तासाभरात डोकं उठतं, कारण प्रत्येक चिवचिवाटाचा अर्थ लावायला मेंदू धावतो. दोन टोनमध्ये प्रश्न एकच उरतो: लोखंड की बाकी काही? त्याबरोबर रिकव्हरी स्पीडही चढवला. हा १ ते ८ असतो. वाढवला की आवाज आखूड होतात आणि शेजारी पडलेल्या वस्तू सुट्या ऐकू येतात. ८ वर मात्र खोलातले मंद आवाज इतके आखूड झाले की गव्हाच्या धसकटांवर कॉइल आपटल्याच्या आवाजात हरवून जात. ७ वर थांबलो. हेडफोनचंही तसंच. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि तोवर कॉइल पुढे गेलेली असते. मशीनसोबतचे हेडफोन कमी विलंबाचे असतात, नाहीतर सरळ वायर लावावी.

ग्रीन वेस्टमध्ये मोह वेगळा होतो. टोन ब्रेक वर सरकवला की फॉइल आणि चुरा लोखंडाच्या घुर्रमध्ये ढकलता येतो आणि शेत एकदम शांत होतं. काही जण खुशाल तसं करतात. पण इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने १२७९-८० मध्ये गोल हाफपेनी आणि फार्दिंग (पाव पेनी) सर्रास पाडायला घेईपर्यंत लोक सुट्ट्यासाठी पेनीच कापत, अर्धी नाहीतर चतकोर. चांदीचा एवढा पातळ तुकडा फॉइलच्याच आकड्यांत बोलतो. फॉइल गेलं की तोही गेला. म्हणून तिथे ५ टोन ठेवले आणि खालच्या आकड्यांच्या टोनची पट्टी वेगळी करून व्हॉल्यूम थोडा उतरवला. वेडावाकडा चुरा कडेला फाटल्यासारखा वाजतो, नाण्याचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखा सुरू होतो आणि सारखा संपतो. काही चुरा हुबेहूब नाण्यासारखा गातो, तो खणावाच लागतो. त्याला इलाज नाही.

मला कापलेली अर्धी पेनी मिळाली ती खिळ्यांच्या शेतात, दोन घुर्रांमधल्या टिकमधून, चार बोटं खोल. मागच्या बाजूला कडेपर्यंत गेलेला लांब क्रॉस, म्हणजे १२४७ नंतरची. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना, तिच्या अधिकाऱ्याकडे तिची नोंद केली. असं एकटं नाणं सहसा कायद्याने ‘ट्रेझर’, म्हणजे गुप्तधन, ठरत नाही. ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली, तर मात्र १९९६ च्या कायद्याप्रमाणे १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. फोनवर काकांनी विचारलंच, “हंडा सापडला का रे?” आपल्याकडे १८७८ च्या कायद्यात दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवायचं, हे ऐकून ते म्हणाले, “मग तू तिकडेच खण.”

आता मशीनमधल्या सेटिंगच्या कप्प्यांपैकी फील्ड १ मध्ये खिळ्यांचं शेत आणि फील्ड २ मध्ये ग्रीन वेस्ट असं बसवून ठेवलंय. ५० टोन पार्क २ मध्ये, कमी कचऱ्याच्या कुरणासाठी. तिथे ते खरोखर कामाला येतात. फॅक्टरी रीसेट केलं की हे सगळं पुसलं जातं, म्हणून टोन ब्रेकचे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवलेत.