तुम्ही विचारलंत म्हणून: तो सांगाडा घरात कशाला?

‘असलं अभद्र घरात कशाला ठेवता?’ कपाट उघडलं की हा प्रश्न ठरलेलाच. अभद्र म्हणजे लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजावरचं पदक. एका बाजूला बुडणारं जहाज, डेकवर तोफा आणि विमानं. दुसऱ्या बाजूला जहाजाच्या मालक कनार्ड कंपनीच्या खिडकीत बसून तिकिटं देणारा सांगाडा, वर ‘धंदा सर्वांत आधी’ अशा अर्थाची जर्मन ओळ.

मी इतकी वर्षं सांगत आलो, ‘अहो, हा इतिहास आहे.’ खोटं नाही ते. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीनं जहाज बुडवलं, जवळजवळ १२०० माणसं गेली. हे पदक घडवणाऱ्या म्युनिकच्या कार्ल ग्योट्झनं राग काढला तो कंपनीवर. जहाजात काडतुसं होती हे खरं, पण पदकावरच्या तोफा-विमानं त्याच्या मनातली. तारीखही चुकून ५ मे घातली. ब्रिटिशांनी तेवढंच धरलं: बघा, कट आधीच शिजला होता! मग त्यांनीच सुमारे ३ लाख नकला काढून डबीत घालून विकल्या. सांगाडा तोच, जर्मनीत तो कंपनीची निंदा करत होता, इंग्लंडमध्ये जर्मनांची. माझ्याकडचं पदक ब्रिटिश नक्कल आहे.

एकदा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांचा भाऊ नाव उलटून गेलेला, हे मला ठाऊक होतं. तरी त्यांनी हात पुढे केला म्हणून मी पदक दिलं. भिंग लावून त्यांनी रांगेतल्या एकेका माणसावर बोट ठेवलं. एक जण पेपर वाचतोय, पेपरात पाणबुडीच्या धोक्याची बातमी. शेजारी उंच टोपीतला जर्मन राजदूत बोट उगारून बजावतोय. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तिकीट काढलं, ही त्यांचीच चूक. आम्हालाही हेच ऐकवलं होतं. नावेत बसलाच कशाला?’

मी लगेच ग्योट्झची बाजू मांडू लागलो, त्याचा रोख कंपनीवर आहे वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. पदक परत दिलं आणि चहा न घेता गेल्या.

रोख कंपनीवर आहे, हे मी आजही म्हणेन. पण मेलेल्यांना ‘सांगितलं होतं ना’ म्हणणारं ते उगारलेलं बोटही तिथेच आहे, आणि ते कोरलंय अप्रतिम. मला ते आवडतं, हेही खरं. १९२० साली याच माणसानं जर्मनीच्या ऱ्हाइनलँड भागातल्या फ्रेंच फौजेतल्या आफ्रिकी सैनिकांवर काढलेलं विखारी पदक मी घेणार नाही. मग हेच का ठेवलं, म्हणाल, तर दर वेळी माझं उत्तर वेगळं येतं. काढून टाकणार नाही, एवढं मात्र नक्की.